कठीण भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आणि खेळणाऱ्याचा अधिकार : एक समीक्षात्मक अभ्यास

बीजसंज्ञा : भूमिकाप्रधान खेळ, काठिण्य, अपयश, अधिकार, सविकल्प समाधी, मोक्षपट

प्रस्तावना :

कलाकृतीची समीक्षा करताना ती कशी आहे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ती कोणासाठी आहे, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. कथा, कादंबरी, नाटक यांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण न रुचलेली कादंबरीही वाचक शेवटच्या पानापर्यंत नेऊ शकतो. व्हिडिओ गेमची गोष्ट वेगळी आहे. येथे कृती पुढे सरकण्यासाठी खेळणाऱ्याचे कौशल्य लागते. ते कमी पडले तर कृती आपली पुढची पाने उघडतच नाही. भूमिकाप्रधान खेळांच्या एका शाखेने हा नकार हेच आपले वैशिष्ट्य मानले आहे. २००९ मधील 'डेमन्स सोल्स', २०११ मधील 'डार्क सोल्स', २०१६ मधील 'डार्केस्ट डंजन', २०१८ मधील 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' आणि २०२२ मधील 'एल्डन रिंग' ही या शाखेची ठळक उदाहरणे होत.

अशा खेळांबद्दल एकीकडे अतोनात स्तुती, तर दुसरीकडे 'हा खेळ माझ्याने होणार नाही' ही कबुली आढळते. या दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या नव्या खेळणाऱ्याला, विशेषतः जालन्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुणाला, एकच व्यावहारिक प्रश्न पडतो : हा खेळ आपल्याला मानवेल काय? हा प्रश्न वरवर ग्राहकाचा वाटला, तरी मुळात तो रसास्वादाचा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार मराठी परंपरेतील 'अधिकार' या संकल्पनेच्या आधारे करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कठीण भूमिकाप्रधान खेळांतील काठिण्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) अपयशातून मिळणाऱ्या आनंदाचा मराठी साहित्यविचाराच्या आधारे शोध घेणे.
३) खेळ आपल्याला मानवेल की नाही, हे ठरवण्याच्या कसोट्या मांडणे.

१. अधिकारी कोण? :

भारतीय शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची प्रथा आहे. तिला 'अनुबंधचतुष्टय' म्हणतात. ग्रंथ कशाविषयी आहे आणि त्याचे फळ काय, याबरोबरच तो कोणी वाचावा हेही तेथे सांगितले जाते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'चा आरंभही याच रीतीने होतो. ग्रंथाचे नाव काय, त्यात काय सांगितले आहे आणि श्रवणाने काय मिळते, या श्रोत्यांच्या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच समासात आली आहेत.

याहून महत्त्वाची आहे ती दासबोधाची लक्षणे सांगण्याची पद्धत. वीस दशके आणि दोनशे समास यांच्या या ग्रंथात मूर्ख, पढतमूर्ख, उत्तम पुरुष इत्यादींची लक्षणे क्रमाने दिली आहेत. वाचकाने ती वाचून स्वतःची परीक्षा करावी, हा त्यामागील हेतू दिसतो. पाचव्या दशकाच्या अखेरच्या चार समासांत बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था वर्णिल्या आहेत. बद्धाला आपल्या बंधनाची जाणीवच नसते. मुमुक्षूला स्वतःचे दोष दिसू लागतात व त्याला अनुताप होतो. साधक त्या दोषांचा त्याग करीत अभ्यास करतो. सिद्ध निःसंदेह होतो. समर्थांचे हे विवेचन परमार्थासंबंधी आहे आणि त्याची बरोबरी करमणुकीच्या साधनाशी करणे अनुचित ठरेल. तथापि शिकणाऱ्या मनाच्या अवस्था ओळखण्याची एक पद्धत म्हणून ते येथे उपयोगी पडते.

'अधिकार' या शब्दाला आणखी एक बाजू आहे, ती लपवता येणार नाही. जन्माच्या आधारे माणसांना ज्ञानापासून दूर ठेवण्यासाठी हाच शब्द वापरला गेला. संतपरंपरेने तो सर्वांसाठी खुला करण्याचा प्रयत्न केला. म्हणून प्रस्तुत निबंधात अधिकार म्हणजे इतरांनी दिलेला परवाना नव्हे. खेळणाऱ्याने स्वतःच्या वृत्तीची, वेळेची व गरजेची केलेली ओळख, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.

२. निर्दयतेचे तीन प्रकार :

'हा खेळ निर्दय आहे' असे म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

पहिला प्रकार 'डार्क सोल्स' व 'एल्डन रिंग' यांचा. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली हे खेळ घडवले. 'डार्क सोल्स'मध्ये शत्रूंना मारून मिळणारे 'सोल्स' हे एकाच वेळी चलनही असते आणि पात्राची वाढ करण्याचे साधनही असते. पात्र मेले की ही सारी कमाई मृत्यूच्या जागी पडून राहते. तेथपर्यंत पुन्हा पोहोचले तर ती परत मिळते. वाटेत पुन्हा मृत्यू आला तर ती कायमची जाते. शेकोटीजवळ विसावले की पात्र ताजेतवाने होते, पण वाटेतील बहुतेक सामान्य शत्रूही पुन्हा उभे राहतात. विसाव्याचीही किंमत मोजावी लागते, असे हे गणित आहे. मात्र एक गोष्ट कधीच हिरावली जात नाही, ती म्हणजे खेळणाऱ्याला झालेले ज्ञान. शत्रूचा घाव कोणत्या क्षणी येतो हे एकदा कळले की ते कळलेलेच राहते.

दुसरा प्रकार 'डार्केस्ट डंजन'चा. येथे खेळणारा एका उद्ध्वस्त वतनाचा वारस असतो आणि भाडोत्री वीरांच्या तुकड्या तळघरांत पाठवतो. त्यांच्या मनावरील ताण वाढत जातो, काहींचे भान हरपते आणि मेलेला वीर परत येत नाही. जुनी नोंद उघडून चूक पुसण्याची सोय नाही. खेळणाऱ्याने निर्णय योग्य घेतला तरी दैवाचा फेरा उलटा पडू शकतो.

तिसरा प्रकार 'किंगडम कम : डिलिव्हरन्स'चा. १४०३ मधील बोहेमियात घडणाऱ्या या कथेचा नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा आहे. त्याला तलवार नीट धरता येत नाही आणि वाचताही येत नाही. एका लेखनिकाकडून तो अक्षरे शिकतो. तोवर ग्रंथ उघडला तर पानावरची अक्षरे विस्कटलेली दिसतात. त्याला भूक लागते, झोप येते, कपडे मळले तर लोक वेगळे वागतात. प्रगतीची नोंद हवी तेव्हा करता येत नाही. त्यासाठी एक विशिष्ट मद्य जवळ असावे लागते किंवा आपल्या हक्काच्या बिछान्यात झोपावे लागते, आणि ते मद्य वारंवार घेतले तर हेन्रीला नशा चढते. येथील काठिण्य शत्रूच्या बळात कमी आणि जगाच्या संथपणात अधिक आहे.

तात्पर्य, पहिला खेळ हाताची व नजरेची परीक्षा घेतो, दुसरा तोटा सोसण्याच्या शक्तीची, तर तिसरा सबुरीची. एकात रमणारा दुसऱ्यात रमेलच असे नाही. 'मला कठीण खेळ आवडतात काय' हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो.

३. अपयशाचा आनंद :

माणूस अपयश टाळू पाहतो, मग जेथे अपयश निश्चित आहे असा खेळ तो आपणहून का निवडतो? डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ मध्ये 'द आर्ट ऑफ फेल्युअर' या ग्रंथात याच विरोधाभासाची चर्चा केली आहे. तत्पूर्वी १९७८ मध्ये बर्नार्ड सूट्स यांनी, अनावश्यक अडथळे पार करण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न, अशी खेळाची व्याख्या मांडली होती. मराठी साहित्यविचाराला हा प्रश्न नवा नाही. करुण रसातून आनंद कसा मिळतो, यावर मराठीत दीर्घकाळ चर्चा झाली आहे.

या चर्चेत न. चिं. केळकर यांनी मांडलेली 'सविकल्प समाधी' ही कल्पना येथे विशेष उपयोगी आहे. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, पण आपले स्वतःचे भान सर्वस्वी गमावत नाही. दोन्ही भूमिका एकाच वेळी अनुभवण्यात वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय आहे. भूमिकाप्रधान खेळ ही अवस्था जणू यंत्राद्वारे घडवून आणतो. अक्षरे न येणारा हेन्री आणि त्याला शाळेच्या वाटेवर नेणारा, स्वतः पदवीच्या वर्गात शिकणारा तरुण हे दोघे एकाच वेळी पडद्यासमोर असतात.

मात्र एक भेद लक्षात घ्यावा लागतो. शोकांतिकेत पतन दुसऱ्याचे असते. प्रेक्षकाला त्याची हळहळ वाटते, पण लाज वाटत नाही. खेळात पात्र पडते ते खेळणाऱ्याच्या चुकीने. येथे समाधी मोडते, 'हेन्री हरला' हे वाक्य 'मी हरलो' असे होते, आणि खेळ मानवतो की नाही याचा निर्णय नेमका याच क्षणी होतो. ज्याला 'मी हरलो' यातून 'का हरलो' हा पुढचा प्रश्न सुचतो, त्याच्यासाठी ते अपयश ज्ञानाचे साधन बनते. ज्याला तो सुचत नाही, त्याच्यासाठी ते केवळ अपमान उरते.

४. मोक्षपट, पाऊस आणि वाचता येणारी चूक :

निर्दय खेळ ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. महाराष्ट्रात प्रचलित असलेला मोक्षपट हा त्याचा जुना नमुना होय. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरागत समजूत आहे. प्रत्यक्ष उपलब्ध पट मात्र त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दुर्गुणांचे साप खाली आणतात आणि मोक्षाच्या उंबरठ्यावर पोहोचलेलाही क्षणात तळाशी येऊ शकतो. याच खेळाचे एक रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मुलांच्या करमणुकीसाठी छापले गेले आणि सापशिडी म्हणून ते सर्वत्र परिचित झाले.

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड. या वर्गीकरणानुसार मोक्षपट हा दैवाचा खेळ ठरतो. कवड्या पडतील तसे जावे लागते. तेथील साप टाळणे खेळणाऱ्याच्या हाती नसते. 'डार्क सोल्स'मधील साप टाळता येतो. तेथे बहुतेक मृत्यूंना कारण असते आणि ते शोधता येते. 'डार्केस्ट डंजन' या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

हा भेद मराठवाड्याच्या संदर्भात केवळ तात्त्विक राहत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाची तीव्र झळ सोसलेल्या जालना जिल्ह्यात निर्दयता म्हणजे काय हे कोणालाही पडद्यावर पाहून शिकावे लागत नाही. मोसंबीची बाग जोपासताना सारे काही योग्य करूनही पाण्याअभावी ती वाळताना पाहणाऱ्या घरातील मुलाला, करमणूकही पुन्हा निर्दयच का असावी, असे वाटले तर ते स्वाभाविक आहे. त्याने रात्रीच्या तासाभरासाठी सौम्य, क्षमाशील खेळ निवडणे हा दुबळेपणा नव्हे. उलट अशाच एखाद्या मुलाला 'डार्क सोल्स'चे जग समाधान देऊ शकते, कारण तेथे कष्ट आणि फळ यांचा संबंध तुटलेला नसतो. पाऊस आपल्या चुका सांगत नाही. हा खेळ सांगतो. एकाच परिस्थितीतून दोन विरुद्ध निवडी संभवतात व दोन्ही समर्थनीय ठरतात. म्हणूनच एकाचा निर्णय दुसऱ्याने घेणे योग्य नाही. मात्र ज्याला दैवाचा जाच आधीच पुरेसा झाला आहे, त्याने दैवप्रधान निर्दयता असलेला खेळ विचारपूर्वकच हाती घ्यावा.

५. कच्चे लिंबू आणि रडीचा डाव :

मराठी मुलांच्या खेळांत लहान भावंडालाही खेळायला मिळावे म्हणून त्याला 'कच्चे लिंबू' ठरवले जाते. ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ तोच राहतो, नियम मोठ्यांसाठी तेच राहतात, फक्त एकाला सवलत मिळते. व्हिडिओ गेममधील सोपी पातळी म्हणजे हेच कच्चे लिंबू होय. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या या खेळांत अशी पातळी निवडण्याची सोय नाही. २०१९ मध्ये त्याच संस्थेचा 'सेकिरो' हा खेळ आल्यावर ती असावी की नसावी, यावर जगभर वाद झाला.

सवलत नाकारण्याच्या बाजूने एक ग्राह्य मुद्दा आहे : सर्वांनी एकच डोंगर चढल्यामुळे चढणाऱ्यांत एक नाते निर्माण होते. परंतु या मुद्द्याचा वापर 'ज्याला जमत नाही त्याने येऊ नये' असे सांगण्यासाठी होतो, तेव्हा अधिकाराच्या जुन्या, वगळणाऱ्या अर्थाचेच नवे रूप दिसते. वस्तुतः या खेळांनी सवलती दिल्याच आहेत, फक्त त्या खेळाच्या आत लपवल्या आहेत. 'एल्डन रिंग'मध्ये अवघड शत्रू सोडून दुसरीकडे जाता येते, पात्र बळकट करून परत येता येते, मदतीला आत्मे बोलावता येतात आणि अन्य खेळणाऱ्यांचे साहाय्यही घेता येते. या मार्गांनी जिंकणे म्हणजे रडीचा डाव खेळणे नव्हे. खेळानेच दिलेली शिडी चढण्यात कमीपणा कसला?

६. न सांगितलेले काठिण्य :

खेळाच्या परीक्षणांत ज्याचा उल्लेख क्वचितच होतो, असे काही काठिण्य खेळणाऱ्याच्या परिस्थितीत असते.

पहिले काठिण्य वेळेचे. 'डार्क सोल्स'मध्ये खेळ मध्येच थांबवण्याची कळ नाही. यादी उघडली तरी शत्रू थांबत नाहीत. खेळातून बाहेर पडता येते, पण थांबता येत नाही. एकत्र कुटुंबात, जेवायला बोलावणारी हाक, दारावरची थाप आणि धाकट्या भावंडाचा हट्ट यांच्यामध्ये बसून खेळणाऱ्याला ही गोष्ट शत्रूपेक्षा अवघड जाते. वीज अचानक गेली तर 'किंगडम कम'मध्ये मागील नोंदीपासूनची सारी वाटचाल पुन्हा करावी लागते.

दुसरे काठिण्य यंत्राचे. 'एल्डन रिंग'साठी संगणकावर किमान १२ जीबी रॅम व ६० जीबी मोकळी जागा लागते. अपुऱ्या यंत्रावर चित्र अडखळते आणि घाव चुकवण्याचा क्षण निसटतो. अशा वेळी झालेली हार ही खेळणाऱ्याची नसते, तरीही तो स्वतःला दोष देत राहतो.

तिसरे व सर्वांत दुर्लक्षित काठिण्य भाषेचे. यांपैकी एकही खेळ मराठीत उपलब्ध नाही. 'एल्डन रिंग'ची बरीचशी कथा वस्तूंच्या त्रोटक वर्णनांतून, जुन्या वळणाच्या इंग्रजीतून उलगडते. मराठी माध्यमातून शिकलेल्या खेळणाऱ्याची अवस्था अक्षरे विस्कटलेली पाहणाऱ्या हेन्रीसारखी होते. त्यातून शब्दसंग्रह वाढतो हे खरे, पण हा श्रम दुहेरी आहे आणि कथा कळली नाही म्हणून स्वतःला मंद समजण्याचे कारण नाही.

७. निवडीच्या कसोट्या :

खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मंचाच्या नियमानुसार खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळला असल्यास साधारणतः पैसे परत मागता येतात. ही सोय उपयुक्त असली तरी कठीण खेळाच्या बाबतीत २ तास फसवे ठरतात. 'किंगडम कम'चे आरंभीचे तास कथेच्या मांडणीतच जातात आणि खरे काठिण्य नंतर भेटते. म्हणून घड्याळापेक्षा मनाकडे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

येथे दासबोधातील चार अवस्था कसोटी म्हणून वापरता येतात. दहाव्या मृत्यूनंतर खेळणाऱ्याच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते, हे पाहावे. 'खेळच अन्यायी आहे' हे वाक्य येत असेल, तर तो या खेळापुरता बद्धावस्थेत आहे. 'मी घाई केली' असे येत असेल, तर मुमुक्षूची अवस्था आली आहे. 'आता ढाल खाली ठेवून पाहतो' असे येत असेल, तर तो साधक झाला आहे आणि खेळ त्याला मानवला आहे. सिद्ध होण्याची, म्हणजे खेळ पूर्ण करण्याची, अटही तेथे उरत नाही. अर्थात खेळ कधी कधी खरोखरच अन्यायी असतो, हेही लक्षात ठेवावे. म्हणून पहिले वाक्य एकदा आले एवढ्यावरून निर्णय करू नये. दोनतीन दिवसांनीही तेच येत असेल तर करावा.

दुसरी कसोटी खेळ बंद केल्यानंतरची. हार अंथरुणापर्यंत येते काय, आणि आलीच तर ती कोडे बनून येते की राग बनून? तिसरी कसोटी प्रपंचाची. आधी प्रपंच नीटनेटका करावा, ही समर्थांची शिकवण प्रसिद्ध आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला रोज परीक्षेत आणि रात्री पडद्यावरही हार पत्करणे जड जात असेल, तर खेळ सोडणे हे पलायन नसून विवेक आहे. खेळ पुढच्या वर्षीही तेथेच असतो. परीक्षा तशी थांबत नाही.

निष्कर्ष :

१) कठीण भूमिकाप्रधान खेळांतील काठिण्य एकविध नसून कौशल्य, तोटा आणि सबुरी अशा तीन दिशांनी ते खेळणाऱ्याची परीक्षा घेते.
२) अशा खेळातील आनंद सविकल्प समाधीच्या स्वरूपाचा आहे. अपयशाच्या क्षणी ती समाधी मोडते आणि त्या क्षणाची प्रतिक्रियाच खेळाची योग्यता ठरवते.
३) कारण शोधता येणारे अपयश शिकवते, तर केवळ दैवाने आलेले अपयश सहनशक्तीची मागणी करते. निवड करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.
४) वेळ, यंत्र आणि भाषा यांतून येणारे काठिण्य खेळणाऱ्याच्या पात्रतेचे माप नव्हे.
५) 'अधिकार' हा इतरांनी ठरवण्याचा विषय नसून आत्मपरीक्षणाचा विषय आहे.

समारोप :

कठीण खेळ पूर्ण केल्याने कोणी थोर होत नाही आणि सोडल्याने कोणी लहान होत नाही. तथापि जो खेळतो त्याला एक संधी मिळते, ती म्हणजे ज्या हरण्याने घरदार, पीक वा वर्ष बुडत नाही अशा जागी हरून पाहण्याची आणि त्या वेळी आपण स्वतःशी काय बोलतो हे ऐकण्याची. प्रत्यक्ष आयुष्यात ही संधी सहसा मिळत नाही. ते ऐकण्याची इच्छा असेल तर खेळ हाती घ्यावा. ते आधीच पुरेसे ऐकून झाले असेल, तर त्या संध्याकाळी मोकळ्या हवेत फेरफटका मारणे अधिक श्रेयस्कर ठरेल.